चालान फाडण्याआधी टेप पुसा

ट्रकवर होणारे बहुतेक दंड चालकाच्या बेफिकिरीमुळे होतात, हे एका लेखात वाचलेले मत मला अर्धेच पटले. सोलापुरात आमच्या दोन गाड्या सिमेंट आणि साखर वाहतात. मागची लाल आणि बाजूची पिवळी परावर्तक टेप लावलेली असूनही सिमेंटच्या धुळीने ती आठवड्याभरात निस्तेज होते, आणि रात्री मोहोळजवळ तपासणी झाली की टेप ‘नाही’ असेच लिहिले जाते. त्यामुळे निघण्यापूर्वी ओल्या फडक्याने टेप व मागचे दिवे पुसणे हा आमच्या चालकांचा नियमच झाला आहे. टायरच्या नक्षीची खोली मात्र धूळ सांगून चुकवता येत नाही, १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नक्षी असलेला टायर मोटार वाहन नियमांप्रमाणे चालत नाही, आणि तो दंड मी निमूट भरतो.

चालान चुकीचे वाटले, तर रस्त्यावर हुज्जत घालू नये. त्याच जागी टेप, दिवा किंवा मागच्या आडव्या गार्डचे (मागून येणारी छोटी गाडी ट्रकखाली शिरू नये म्हणून लावलेल्या दांड्याचे) वेळ दिसेल असे छायाचित्र घ्यावे आणि ई-चालानच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. गेल्या वर्षी आमचे एक चालान अशा छायाचित्रामुळेच रद्द झाले. कागदपत्रे डिजिलॉकर या सरकारी ॲपमध्ये दाखवली तरी ती ग्राह्य असतात, हे अजून अनेक चालकांना ठाऊक नसते. कर्णकर्कश बहुस्वरी हॉर्नविषयी मात्र मला कोणतीही सहानुभूती नाही. तो काढूनच टाकावा.