गल्लीतला बेवडा बागेत दिसला तर

तुमच्या सोसायटीतला पिणारा माणूस एके सकाळी बूट घालून जिन्यात दिसला, तर घाबरून जाऊ नका. आठवडाभरात त्याला परत घरी बसवता येतं.

पहिल्याच दिवशी बागेच्या फाटकात गाठा. "काय, आज सूर्य कुठून उगवला?" आवाज हास्यक्लबपर्यंत पोचला पाहिजे. त्या मंडळींना एरवी कारण नसताना हसावं लागतं, तेवढीच सोय.

व्यायामाची वेळ मात्र पहाटे साडेपाचचीच सांगा. रात्री 11 ला संपवलेल्या क्वार्टरमध्ये, म्हणजे 180 मिलीत, साधारण 60 ग्रॅम अल्कोहोल असतं आणि लिव्हर तासाला जेमतेम 7 ते 10 ग्रॅम निस्तरतं. तुमचे सूर्यनमस्कार सुरू होतात तेव्हा त्याच्या लिव्हरची रात्रपाळी बहुतेक सुटलेलीच नसते. दारूने लागलेली झोप उत्तररात्री तुटत राहते, लघवीवाटे पाणी गेलेलं असतं, छाती धडधडते. यातलं काही बोलू नका. "इच्छाशक्ती पाहिजे हो," एवढंच म्हणा. संध्याकाळी सातला तर चुकूनही बोलावू नका. ती त्याची बसायची वेळ. तेवढा तास पायांना काम मिळालं तर तलफ टळायची भीती!

हात थरथरताहेत? घाम फुटलाय? रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली की असं होतं, कधी फिटही येते, आणि तेव्हा आधी डॉक्टर लागतो. तुम्ही व्हिडिओ काढा आणि ग्रुपवर टाका: 'सकाळीच लावून आले.'

जिमवाल्यांना शिकवायला नकोच. रोजावरच्या माणसाच्या खिशात रोजचे सुटे असतात, वर्षाची एकरकमी फी नसते. हे वाइनशॉपवाल्याला केव्हाच कळलंय. आणि पिणारी बाई असेल तर तुम्हाला काहीच कष्ट नाहीत. ती फाटकापर्यंत येणारच नाही.

पुण्याच्या मुक्तांगणात व्यसनी माणसांच्या दिनक्रमात योगासनं असतात म्हणे. असतील. तिथे शेजारच्या चटईवरचाही त्यातलाच. टोमणा मारणार कोण?

एवढं करूनही गडी महिनाभर टिकलाच, तर त्याच्या मित्रांना कळवा. "पाच किलो उतरले? मग आज बसायलाच पाहिजे!" आणि पार्टी त्यालाच मागा.