‘ग्लेअर’साठी मराठी अपुरी नाही

साताऱ्यातल्या आमच्या दोन-तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. इंग्रजीतला ‘ग्लेअर’ हा एकच शब्द डोळ्यांना सोसवत नाही असा उजेडही सांगतो आणि रागाची नजरही. मराठीत मात्र ‘चकाकी’ आणि ‘रोखून बघणे’ यांवर भागवावं लागतं, म्हणून मराठी अपुरी. हे चूक आहे आणि ते तसंच पुढे जाऊ देणं मला जमणार नाही.

आधी ‘चकाकी’. घासलेलं तांब्याचं भांडं चकाकतं, ते बघून बरं वाटतं. ग्लेअरनं त्रास होतो. संध्याकाळी दुचाकीवर कोरेगावहून साताऱ्याकडे येऊन बघा. सूर्य थेट तोंडावर, डोळे दिपतात, समोरची एसटी अगदी जवळ आल्यावर दिसते. अंधार पडला आणि समोरच्यानं अप्पर मारला, की डोळ्यांपुढे अंधारीच येते. अशा उजेडाला आपण भगभगीत म्हणतो. चकाकी कोण म्हणतं?

‘रोखून बघणे’ही तसंच. सोनार खडा रोखून बघतो, त्यात राग कुठे असतो? रागाला ‘डोळे वटारणे’ आहे. लहानपणी पाहुण्यांपुढच्या कंदी पेढ्यांच्या बशीकडे माझा हात तिसऱ्यांदा गेला, की आई त्यांच्याशी बोलता बोलताच डोळे वटारायची. भुवया वर, बुबुळं माझ्यावर, आवाज मात्र तसाच गोड. पाहुण्यांना पत्ताही लागायचा नाही आणि माझा हात मागे आलेला असायचा. शिवाय ‘खाऊ की गिळू’ अशी नजर आहेच.

राहिला एकाच शब्दात दोन्ही अर्थांचा मुद्दा. इंग्रजीतही ‘ग्लेअर’ आधी उजेडाचाच होता, तेराव्या शतकापासूनचा. रागानं बघण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला. आपणही तेच केलंय: जळजळीत ऊन आणि जळजळीत कटाक्ष. ‘ग्लेअरिंग मिस्टेक’ला तर ‘ढळढळीत चूक’ हा नेमका शब्द आहे.

दोन्हींना मिळून एक क्रियापद नाही, हे मान्य. पण उजेडानं दिपतात ते बघणाऱ्याचे डोळे आणि रागानं वटारले जातात ते रागावलेल्याचे. इंग्रजीत हे संदर्भावरून ओळखावं लागतं, मराठीत क्रियापदच सांगून टाकतं.