पाणी आहे, जागा नाही

वाळवंटात ट्रेलर लावून राहणाऱ्याला जो तो एकच प्रश्न विचारतो, "पाण्याचं काय करता?" प्रश्न रास्त आहे, पण उलट्या टोकाने विचारलेला आहे. पाणी मिळतं. ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटसारख्या आडगावातही पैसे टाकले की गॅलनच्या मापाने शुद्ध पाणी देणारी यंत्रं आहेत. वापरून झालेलं पाणी मात्र सहजासहजी कोणी घेत नाही. ते ट्रेलरच्या पोटात साठतं, पोट भरलं की न्हाणीच्या जाळीतून वर येतं, आणि नेमकं आपण भांडी घासत असताना येतं.

क्वार्ट्झसाइट कोलोरॅडो नदीपासून तीसेक किलोमीटरवर, आय-१० महामार्गाला लागून आहे. उन्हाळ्यात तिथे थांबण्यात अर्थ नाही. थंडीत मात्र आसपासच्या सरकारी जमिनीवर नजर पोचेल तिथवर पांढरे ट्रेलर. दक्षिणेला 'ला पोसा' हा दीर्घ मुक्कामाचा भाग. अशा मुक्कामांची योजना १९८३ची, हंगाम १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल. तिथे पैसे भरावे लागतात, पण पाण्याचा नळ आहे आणि मैला सोडायची सोयही आहे. जवळच्या प्लोमोसा रोड किंवा डोम रॉकला १४ दिवस फुकट राहता येतं. तिथे फक्त दगड आहेत. आणि गंमत बघा, ला पोसात सार्वजनिक संडासापासून लांब राहायचं तर गाडीला किमान १० गॅलनची, कायमची बसवलेली सांडपाण्याची टाकी लागते. चांगल्या पाण्याची टाकी किती मोठी, हे सरकार विचारत नाही. दुखणं कुठे आहे हे सरकारला बरोबर कळलेलं आहे.

हिशेब मांडून दाखवतो. दोन माणसांच्या छोट्या ट्रेलरला साधारण २० गॅलनची, म्हणजे ७५ लिटरची चांगल्या पाण्याची टाकी असते. सांडपाण्याची बरेचदा त्याहून लहान; ६० लिटर धरू. प्यायला माणशी रोज चार लिटर, ते वेगळ्या कॅनमधून. भांड्यांना पाच, दोन आंघोळींना दहा, हात-तोंड-दात मिळून पाच. झाले वीस लिटर, रोज मोरीत. तिसऱ्या रात्री सांडपाण्याची टाकी काठोकाठ. चांगल्या पाण्याचीही तळाला आलेली असते, पण ती भरणं सोपं: कॅन आणला, ओतला. आपलं सांडपाणी उलट्या वाटेने घेऊन जाणं मात्र तेवढं सोपं नाही.

टाक्या किती भरल्या हे सांगायला भिंतीवर चार दिव्यांची पट्टी असते: रिकामी, एक तृतीयांश, दोन तृतीयांश, भरलेली. ही पट्टी लग्नातल्या आचाऱ्यासारखी आहे, कधीही विचारा, उत्तर तेच. टाकीच्या आतल्या, पातळी ओळखणाऱ्या खिळ्यांना साबण आणि तेलकटपणा चिकटला की टाकी रिकामी करूनही दोन तृतीयांश दिवा जळत राहतो. आपल्या फोडणीनंतर तर विचारूच नका. मी पट्टीकडे बघत नाही. सिंकमध्ये पाच लिटरचं घमेलं ठेवायचं आणि किती घमेली ओतली याच्या रेघा कपाटाच्या दाराच्या आत मारायच्या. रेघांना तेल चिकटत नाही.

भरताना दोन गोष्टी. पहिली म्हणजे वजन. ७५ लिटर म्हणजे ७५ किलो, आणि टाकी चाकांच्या आसाच्या मागे असेल तर तेवढं ओझं हुकवरचा भार कमी करतं. हुकवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हवा; त्याखाली गेला की महामार्गावर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. दुसरी म्हणजे हवा. बाजूच्या तोंडात पाइप घट्ट कोंबला तर आतली हवा बाहेर निघत नाही आणि टाकी गुरगुरून सगळं पाणी आपल्या शर्टावर परत करते. पाइप सैल धरावा, धार बेताची ठेवावी. पाइप पिण्याच्या पाण्यासाठीचाच घ्यावा, बागेचा नव्हे. २६ लिटरचा कॅन छातीपर्यंत उचलण्याचा पराक्रम कंबरेला मानवत नाही. पंपाच्या तोंडाशी तीन वाटांचा कॉक बसवून एक नळी बाहेर काढली की ट्रेलरचाच पंप जमिनीवरच्या कॅनमधून पाणी ओढतो आणि थेट नळाला देतो. टाकीला हातही लावावा लागत नाही.

हंगामाच्या सुरुवातीला टाकी ब्लीचने धुवायची. प्रमाण १५ गॅलनला पाव कप, म्हणजे ७५ लिटरला साधारण ८० मिली. ब्लीच साधं, बिनवासाचं. फिल्टरची नळकांडी आधी काढून ठेवावी, नाहीतर त्यातला कोळसाच सगळं क्लोरीन पिऊन टाकतो. प्रत्येक नळ, गरमचासुद्धा, वास येईपर्यंत सोडावा, किमान चार तास तसंच ठेवावं आणि मग दोनदा खळखळून काढावं.

आता पंप. हा बारा व्होल्टचा, मिनिटाला अकरा लिटर फेकणारा प्राणी पलंगाखाली राहतो. नळ उघडला की दाब उतरतो, पंप सुरू. नळ बंद, पंप बंद. एवढाच त्याचा स्वभाव. म्हणून रात्री दोनला, एकही नळ उघडा नसताना, तो अर्धा सेकंद घुर्र करून गप्प बसला की समजायचं, कुठेतरी थेंब गळतोय. विजेरी घेऊन सगळे सांधे कोरड्या टिश्यूने पुसत जावं. ओला झाला तो चोर. कुठेच ओल नसेल तर पंपातला उलटं पाणी अडवणारा पडदा गेलेला असतो. तोवर झोपताना पंपाचं बटण बंद ठेवावं. गळतीपेक्षा झोप महाग.

याहून अवघड दुखणं म्हणजे पंप चालतो, ओरडतो, पण नळाला नुसती हवा. टाकी भरलेली असते, गळती कुठे दिसत नाही आणि आपल्या तोंडचं पाणी पळतं. पंपाच्या आधी एक पारदर्शक वाटी असते, आत बारीक जाळी. नवीन ट्रेलरच्या टाकीत भोकं पाडताना उडालेला प्लॅस्टिकचा कीस तिथे येऊन बसतो, म्हणून ती उघडून धुवावी लागते. परत बसवताना रबरी कडं तिरकं राहिलं किंवा वाटी अर्धा आटा सैल राहिली की झालं. ही ओढण्याची बाजू. इथे फटीतून पाणी बाहेर येत नाही, हवा आत शिरते. म्हणून गळती दिसतच नाही आणि लोक पंप बदलून बसतात. कड्याला नळजोडणीचं सिलिकॉन ग्रीस बोटभर लावावं, वाटी हातानेच घट्ट करावी. पान्ह्याने आवळली की तडकते.

तसंच कोमट पाण्याचं. गीझर पेटलेला, तरी नळाला कोमट. बहुतेक वेळा गुन्हेगार ट्रेलरबाहेरचा शॉवर असतो. त्याच्या दांडीवरचं बटण बंद, पण गरम-थंड दोन्ही चाव्या उघड्या. दोन्ही पाणी तिथे आपसात भेटतात आणि घरभर कोमट पसरतात. चाव्या बंद करा, गीझर एकदम हुशार होतो. त्या गीझरच्या पोटात २२ लिटर पाणी असतं. टाकी संपली तरी ते नळाला येत नाही, कारण मागून ढकलायला पाणी नसतं; पण अडीअडचणीला गीझर बंद करून, पूर्ण गार होऊ देऊन खालचा प्लग काढला की मिळतं. परत भरल्याशिवाय विजेवर चालू करू नये, कॉइल तिथल्या तिथे जळतं.

आंघोळीच्या बाबतीत इथले जाणते सांगतात, नौदलाची पद्धत वापरा: ओलं व्हा, नळ बंद, साबण, मग धुवा, आठ लिटरमध्ये होतं. त्यांना वाटतं हे फार काटकसरीचं आहे. आपल्याकडे बादली आणि तांब्या आहे. दीड लिटर उकळतं पाणी साडेतीन लिटर गार पाण्यात घातलं, गार पाणी १५ अंशांच्या आसपास असलं, की पाच लिटर छान ३९-४० अंशांचं होतं. गीझर नको, पंप नको, गरम येईपर्यंत वाया जाणारे दोन लिटरही नकोत.

भांड्यांचं शास्त्र वेगळं. पिठल्याची कढई गरम असतानाच खरवडून कागदाने पुसायची, कागद कचऱ्यात. परातीतली कणीक वाळू द्यायची आणि सुरीने उडवायची. तांदूळ तीनदा धुणं बंद. एकदाच, आणि ते पाणी बादलीत. पेजेचं पाणी किंवा डाळीचं धुवण मोरीत गेलं तर उन्हात तापणाऱ्या बंद टाकीत आंबतं. तेवढ्यावर भागत नाही. कोरड्या हवेत मोरीच्या वाकड्या नळीतलं, वास अडवणारं पाणीही सुकतं आणि वास घरात येतो: दुष्काळात तेरावा महिना. दोन दिवस मोरी वापरली नाही तर त्यात वाटीभर पाणी ओतावं.

बादलीतलं ते पाणी आणि भांड्यांचं पहिलं पाणी संडासात टाकायचं. सांडपाण्याची टाकी वाचते आणि संडासाच्या वेगळ्या टाकीला हवं असलेलं पाणी मिळतं. कारण संडासात काटकसर करायची नसते. पाणी कमी पडलं की टाकीत बरोबर संडासाच्या नळीखाली ढीग उभा राहतो, वाळतो आणि दगड होतो. ट्रेलरवाले त्याला पिरॅमिडच म्हणतात. गावात एक पिरॅमिड आधीच आहे, हाजी अलींच्या समाधीवर. मुंबईकरांनी दचकू नये, हे वेगळे: अमेरिकी लष्कराने १८५६ साली वाळवंटासाठी उंट मागवले, त्यांच्याबरोबर आलेले उंटवाले. १९०२ साली इथेच वारले. माथ्यावर तांब्याचा उंट आहे. क्वार्ट्झसाइटला एवढा एक पिरॅमिड पुरे.

टाक्या सोडायच्या जागी क्रम चुकवू नये. हातमोजे. आधी संडासाची टाकी, मग सांडपाण्याची, म्हणजे दुसरीच्या साबणाच्या पाण्याने तीन इंची पाइप आपोआप धुतला जातो. तिथे दोन नळ असू शकतात. एकावर 'पिण्याचं नाही' अशी पाटी. तो धुण्यासाठी, आणि तुमच्या आधीच्याने पाइपचं टोक त्याच्या तोंडाला टेकवलं नसेलच असं नाही. पिण्याचा पाइप त्या नळाला कधीही लावू नये, घाईत तर नाहीच. चांगलं पाणी भरायचं ते पलीकडच्या नळावर, हात धुऊन, नळाचं तोंड ब्लीचच्या फडक्याने पुसून. आणि निघण्याआधी झडप बंद करून रिकाम्या संडासाच्या टाकीत पाच लिटर पाणी सोडायचं, तळ ओला राहायला हवा. मागे रांगेत उभा असलेला हॉर्न वाजवतो. त्याला तेवढं थांबवावं लागतं.