हातचा एक आणि सोलापूरचा मे महिना

लिनक्स कर्नलमधल्या (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यातल्या) चेकसमची, म्हणजे डेटा वाटेत बिघडला का ते ताडायच्या आकड्याची, चाचणी घेतो असं सांगितलं की सोलापुरात पहिला प्रश्न ठरलेला: "म्हंजे बेरीजच की ओ?" बेरीजच. सोळा-सोळा बिटांचे आकडे मिळवायचे, वर आलेला हातचा पुन्हा शेपटाला मिळवायचा, शेवटी सगळे बिट उलटे करायचे. हेक्समध्ये (सोळाच्या पायावर; ए ते एफ म्हणजे १० ते १५) एफ००० अधिक २३४५ म्हणजे ११३४५. पुढचा १ मागे आणला की १३४६. उलटं केलं की ईसीबी९. १९८८च्या आरएफसी १०७१ या इंटरनेटच्या तांत्रिक टिपणात सगळं लिहून ठेवलंय. त्रास आहे तो बेरीज बरोबर आली हे सिद्ध करण्यात, तेही मे महिन्यात, लॅपटॉप मांडीवर घेणं म्हणजे आत्मक्लेश असतो तेव्हा.

या बेरजेची खोड अशी की कोड चुकला तरी उत्तर बरोबर येतं. बफरात (चाचणीचा डेटा ठेवायच्या जागेत) सगळे शून्य भरले तर हातचा येतच नाही, आणि हातचा विसरणारा कोड छाती काढून पास होतो. रँडम डेटाही फसवतो. वीस बाइटांच्या आयपी हेडरात (पॅकेटच्या पत्ता वगैरे असलेल्या पुढच्या भागात) दहाच आकडे, त्यामुळे सोळा बिटांच्या वर साठून साठून फार तर ९ साठणार. ते खाली मिळवताना (यालाच घडी घालणं म्हणायचं) दुसरा हातचा निघायचा योग ६५,५३६ मध्ये फार तर नऊ वेळा. म्हणून बफर एफएफने गच्च भरावा, सुरुवातीची बेरीजही सगळे एफ द्यावी. एकदाच घडी घालून मोकळा झालेला कोड कुठे सापडायचा ते पहिल्या घडीनंतरही हातचा उरणाऱ्या आकड्यातच. तो मुद्दाम तसा निवडून द्यावा लागतो.

दोन आकड्यांची अदलाबदल मात्र कितीही चाचण्या लिहा, पकडली जाणार नाही. किराणाच्या यादीत गुळाचे पैसे शेंगांपुढे आणि शेंगांचे गुळापुढे लिहिले तरी एकूण तेवढंच!

सीसम_पार्शल या कर्नलमधल्या बेरीज करणाऱ्या फंक्शनची ३२ बिटांची उत्तरं थेट ताडून पाहू नयेत. ०००१०००० आणि ०००००००१ दिसायला वेगळे, घडी घातली की दोन्ही १. ताडायचं ते घडीनंतर. विषम लांबी घेतलीत तर शेवटचा एकटा बाइट कुठल्या बाजूला बसतो ते यंत्राच्या एंडियनवर (बाइट मांडायच्या क्रमावर), म्हणून चाचणीत लिहून ठेवलेलं उत्तर एक्स८६ वर (नेहमीच्या पीसीवर) हिरवं आणि एस३९० वर (आयबीएमच्या मेनफ्रेमवर) लाल. क्यूएमूमध्ये (दुसऱ्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) एस३९० चालवून बघणं भागच आहे. त्यासाठीचं कर्नल बिल्ड होतंय तेवढ्यात लाईट जाते, हे गृहीत धरा.

कधी कधी कोड निर्दोष असतो आणि चाचणीच आगाऊ. इथरनेटचं हेडर १४ बाइटांचं. म्हणून अनेक यंत्रांवर पुढे दोन बाइट सोडून आयपी हेडर चारच्या पटीत आणतात. तुम्ही हेडर एका बाइटाने सरकवून दिलंत आणि जुना एआरएम प्रोसेसर कोसळला, तर कोडला शिव्या घालू नयेत.

बफराबाहेरच्या वाचनासाठी केएसॅन (कर्नलचा मेमरी तपासनीस) चालू ठेवा, नाहीतर आठ-आठ बाइट उचलणारा कोड हद्द ओलांडूनही साळसूद उत्तर देतो.

यूडीपी या पॅकेट पाठवायच्या पद्धतीत चेकसम शून्य आला तर तारेवर एफएफएफएफ जातं, कारण तिथे शून्य म्हणजे चेकसम दिलाच नाही. आणि टीसीपीडंपमध्ये (पॅकेट दाखवणाऱ्या साधनात) आपलीच बाहेर जाणारी पॅकेट "चुकीचा चेकसम" ओरडली तर रात्रभर जागू नका. ती बेरीज नेटवर्क कार्ड नंतर भरतं. इथटूल या कमांडने पाठवण्याचा ऑफलोड (कार्डावर सोपवलेलं हे काम) बंद करा, मग बघा.