दोनच ओळी होत्या

परवा बडोद्यात, कोठीजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात माझी, माझ्या नातवाची आणि आमच्या अख्ख्या घराण्याची जी कीव केली गेली, ती अजून माझ्या घशाखाली उतरलेली नाही.

मुलगा-सून दीड वर्षापूर्वी बर्लिनला गेले. नातवाला तीन वर्षं होतील, जानेवारीपासून त्याला बालवाडीत घालायचंय. तिथे तिला 'किटा' म्हणतात. किटात जायचं तर मुलाला गोवराच्या लशी दिल्याचा पुरावा लागतो, 2020 पासून तसा कायदाच आहे. आणि पुरावा कुठे, तर बडोद्यात, आमच्या माळ्यावर, निळ्या पिशवीत, ममता कार्डावर, म्हणजे लशींची नोंद ठेवतात त्या सरकारी कार्डावर, गुजरातीत. "आई, नुसतं स्कॅन करून पाठव गं, पंधरा मिनिटांचं काम आहे." पंधरा मिनिटांची कामं नेहमी दुसऱ्याने करायची असतात.

कार्डावर 'ओरी' लिहिलेलं. आपला गोवर गुजरातीत ओरी होतो, हिंदीत खसरा आणि जर्मनीत पोचला की माझर्न. एवढी नावं घेऊन हिंडतो, पण कुठल्या फॉर्मवर म्हणून अडत नाही. त्याचं मला नंतर फार वाटलं.

किटा निवडण्यात सहा महिने गेले. रोज व्हिडिओ कॉलवर मीटिंग. एक घराखालीच, पण निव्वळ जर्मन, आणि प्रतीक्षायादी एवढी मोठी की नातवाचा नंबर लागेपर्यंत त्याला मिसरूड फुटावं. दुसरी जंगलातली. म्हणजे इमारतच नाही, पोरं दिवसभर झाडांखाली, पाऊस असला तरी, आणि त्यासाठी चिखलात लोळायची वेगळी रबरी विजार. सुनेने फोटो पाठवले ते बघून ह्यांनी काळजीने विचारलं, "पूर ओसरला का?" तिसरी जर्मन-इंग्रजी, ट्रेनने चाळीस मिनिटं लांब. तिथे जागा होती. जागा असली की शाळेचे बाकीचे गुण आपोआप दिसायला लागतात.

तर मी झेरॉक्सच्या दुकानात. नोव्हेंबर महिना, म्हणजे पेन्शनरांचा हंगाम. जो तो आपण हयात असल्याचा दाखला हातात धरून उभा. माझ्या पुढे एक काका, तीस डिग्रीच्या उकाड्यात हाफ स्वेटर घातलेले. त्यांनी माझ्या हातातल्या कार्डात डोकावून पाहिलं. आमच्या बडोद्यात दुसऱ्याचे कागद वाचणं हा शेजारधर्म समजतात.

"नातू परदेशात ने?"

"हो. जर्मनीत."

"अरे वा! कुठल्या मिडियमला घालताय?"

"जर्मन. आणि थोडं इंग्रजी."

काका थांबले. "निव्वळ इंग्लिश मिडियम नाही मिळालं?"

"काका, जर्मनी आहे ती."

"ते बरोबर आहे हो. पण एवढं लांब गेलेत ने, तर निदान इंग्लिश मिडियम तरी मिळायला हवं. आमच्या सोसायटीच्या मागे तीन आहेत." तिन्ही त्यांनीच बांधल्यासारखा चेहरा होता. "डोनेशन किती घेतलं?"

"डोनेशन नाही."

"फी?"

"बर्लिनमध्ये 2018 पासून किटाला फी नाही. जेवणाचे तेवढे महिन्याला 23 युरो."

काकांनी काउंटरवर बोटं वाजवली. "भाई, त्रेवीस युरोना केटला थाय?" दुकानदाराने मशीनवरची नजर न काढता सांगितलं, "बे हजारथी थोडा वधारे." मग काका माझ्याकडे वळले आणि, घरात कुणाला दुर्धर आजार निघाला असं कळल्यावर जो आवाज काढतात ना, त्या आवाजात म्हणाले, "सरकारी आहे म्हणजे."

मागच्या दोन पेन्शनरांनी चुकचुकून माना हलवल्या.

मी समजावायला गेले. तीच तर माझी चूक. म्हटलं, सरकार पैसे देतं, पण शाळा चांगली आहे. मूल रुळावं म्हणून पहिले तीन दिवस आई किंवा बाप वर्गातच बसून राहतो, चौथ्या दिवशी जरा बाहेर जाऊन बघतात, रडलं तर लगेच परत.

"मग बाप नोकरीला कधी जातो?"

"रजा घेतो."

"बाप रजा घेऊन बालवाडीत बसतो!" हे त्यांनी सगळ्या रांगेला भाषांतर करून सांगितलं, गुजरातीत. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, मनाला लावून घेऊ नका. पहिलीला बदलून घ्या."

माझ्या डोळ्यांपुढे आमच्या चिरंजीवांचा पहिला दिवस आला. बाईंनी दंडाला धरून त्याला आत ओढलं, दार लावलं, आणि मी खिडकीखाली वाकून तासभर रडणं ऐकत बसले. त्या शाळेला मात्र फी होती, हं.

खरं सांगू, मला राग आला तो 'सरकारी' या शब्दाचा. ज्या गावातून सयाजीरावांनी 1906 साली आख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्याच गावात उभं राहून हा माणूस फुकट म्हणून नाक मुरडतो! मी विचारलं, "तुम्ही कुठल्या शाळेत होता काका?" "म्युनिसिपालिटीच्या. पण तेव्हा त्या चांगल्या होत्या." तेव्हा! समोरच्या बेननी नातीच्या प्लेग्रुपला भरलेली रक्कम ऐकून ह्यांनी स्वतःच्या इंजिनीअरिंगची चार वर्षांची फी बोटांवर तीनदा मोजली होती. शिवाय त्या अडीच वर्षांच्या पोरीचा इंटरव्ह्यू झाला, आणि ती काही बोलेना म्हणून आईबापाचा. हे कुणाला दुर्धर वाटत नाही.

एवढ्यात दुकानदाराने विचारलं, "बेन, फोनमां बीजा पण कागळ छे. बधुं काढुं?" काकांशी भांडायच्या नादात मी "हा हा" म्हणून गेले. मशीनने गरम गरम अकरा पानं बाहेर ओतली. मुलाने माहितीसाठी पाठवलेला किटाचा भरलेला फॉर्मही त्यात होता, जर्मन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत छापलेला. ऍलर्जी, झोपेची वेळ, घरात घालायच्या सपाता, सगळं सुंदर अक्षरात भरलेलं. मग 'घरी बोलल्या जाणाऱ्या भाषा'. समोर दोन ओळी. पहिल्या ओळीवर इंग्रजी. दुसरीवर हिंदी.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. हिंदीच.

माझ्या नातवाला हिंदी येत नाही. त्याला मराठी येतं, आणि समोरच्या बा, म्हणजे गुजराती आजी, त्यांच्याकडून उचललेलं बोटभर गुजराती. मी सांगलीहून 1984 साली या गावात लग्न करून आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, दुकानातून पावशेर खारी शिंग आण. मी रस्ताभर विचार करत गेले की हे लोक कुठल्या जनावराचं शिंग खातात आणि ते सोलून देतात की अख्खं! शेंगदाणे निघाले. तेव्हापासून घरात मराठी, ओट्यावर गुजराती, बँकेत इंग्रजी, असं चाळीस वर्षं चाललंय. मुलगा त्यातच वाढला, एका अक्षराने तोतरा झाला नाही. खुद्द सयाजीराव बारा वर्षांचे असताना कवळाण्याहून इथे आले ते अक्षरओळखीशिवाय, आणि त्यांना मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी एकदम शिकवली. त्यांच्या फॉर्मवर दोनच ओळी असत्या म्हणजे?

मी तिथूनच मुलाला फोन लावला. इथे अकरा, म्हणजे तिथे सकाळचे साडेसहा. दुकानातल्या मशीनच्या आवाजात ऐकू येईना म्हणून स्पीकरवर टाकला. त्याने रांगेची सोय झाली.

"हिंदी का लिहिलंस?"

"आई... काय? अगं, दोनच ओळी होत्या. इंग्रजी लिहिलं की तिथे बरं पडतं. आणि इंडियन म्हटलं की ते हिंदीच धरतात. मराठी म्हणजे काय हे कोण समजावत बसणार?"

"तू. तू समजावत बसणार."

पलीकडे शांतता. मग सूनबाईंचा आवाज आला, "आई, परवाचं सांगू का? शाळा बघायला गेलो होतो तेव्हा हा बाईंना सारखा 'शू, शू' म्हणत होता. जर्मनमध्ये शू म्हणजे बूट. त्या बिचाऱ्या धावत जाऊन ह्याचे बूट घेऊन आल्या, खाली बसून दोन्ही नीट घातले, नाड्यासुद्धा बांधल्या."

"आणि?"

"आणि काय. बूटही भिजले."

रांग हसली. दुकानदार हसला. मीही हसले, नाही म्हणत नाही, पण मला त्या पोराचा चेहरा दिसत होता. तो शुद्ध मराठीत, वेळेवर, घरी शिकवल्याप्रमाणे सांगत होता, आणि मोठी माणसं मन लावून त्याला बूट घालत होती.

"मराठी लिहिलं असतं तर विचारलं तरी असतं ना त्यांनी," मी म्हटलं.

"पण वहिनी," काका फोनजवळ सरकले, "हिंदीत सूसू म्हणतात. तेही जवळजवळ तेच ने? म्हणजे हिंदी लिहून काही बिघडलं नाही."

फोन ठेवला. कार्ड स्कॅन होऊन गेलं. मी काउंटरवरचं दोरीला बांधलेलं पेन ओढलं, त्या प्रिंटवरची हिंदी खोडली आणि वर ठसठशीत लिहिलं, मराठी. जागा कमी पडली म्हणून 'ठी' समासात गेली.

काकांनी मान वाकडी करून वाचलं.

"खाडाखोड चालत नाही ने," ते म्हणाले. "नवा फॉर्म भरायला लागेल."