कथा काढल्या नाहीत, वेगळ्या छापल्या
पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीने (म्हणजे अनेक जुन्या पोथ्या ताडून मूळ पाठ ठरवणाऱ्या आवृत्तीने) महाभारतातल्या लोकप्रिय कथा ‘काढून टाकल्या’, हे लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. व्यासांचा लेखनिक झालेला गणपती मुख्य संहितेत नाही, हे खरं. पण तो भाग परिशिष्टात छापलेला आहे. बाजूला ठेवलेले श्लोक कोणत्या पोथ्यांत सापडतात, तेही पानाच्या तळाशी नोंदवलंय. शारदा, देवनागरी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ (दक्षिणेतली एक लिपी), मल्याळम अशा लिप्यांमधल्या पोथ्या ओळीओळीने ताडून पाहण्याचं हे काम १९१९ ते १९६६ चाललं! संपादक सुकथनकर तर १९४३ मध्येच गेले, पूर्ण झालेलं त्यांना पाहताच आलं नाही. भाषांतर करणाऱ्यांनी निव्वळ मुख्य संहितेवर थांबू नये, परिशिष्टंही मराठीत आणावीत, अशी मनापासून विनंती.