डबीवर वेळ लिहिली नाही म्हणे!

पोटाच्या तपासणीसाठी तीन दिवस शौचाचा नमुना लॅबला द्यायचा होता, त्यातली आज तिसऱ्या दिवसाची डबी परत आली. काउंटरवरच्या बाईंनी ती दोन बोटांत धरली, उजेडात फिरवली आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "वेळ नाही लिहिलीत. चालणार नाही." नाव आहे, वय आहे, तारीख आहे. म्हटलं, आत्ता लिहितो, सात वाजून दहा मिनिटं. तर म्हणे, "आता लिहून काय उपयोग? घरून लिहून आणायची असते." अहो, पेन तुमच्या हातात, डबी तुमच्या हातात, आणि ज्याने ती भरली तो इसम जिवंत पुरावा म्हणून समोर उभा! पहिल्या दोन डब्यांवर तरी कुठे वेळ होती? त्या मुकाट घेतल्या. तेव्हा काउंटरवर दुसरा मुलगा होता, एवढाच फरक.

ती डबी भरताना काय काय करावं लागतं ते इथे लिहीत नाही, भोगलेल्यांना माहीत आहे. झाकणाला चिकटवलेला तो चमचा ज्याने शोधून काढला त्याला एकदा माझ्यासमोर बसवा. भातुकलीतला चमचा बरा! आणि एरवी दिवसातून सहादा पळवणारं हे पोट, डबी दिसली की मौनव्रत धरतं.

तीन दिवस का, तर जिआर्डिया, म्हणजे आतड्यात राहून पोट बिघडवणारा सूक्ष्म परजीवी, काही रोज हजेरी लावत नाही. आज नमुन्यात दिसेल, उद्या गायब. एकच डबी तपासून 'काही आढळले नाही' म्हणणं म्हणजे एकदा बेल वाजवून घर रिकामं ठरवणं. चार वर्षांपूर्वी माझं हेच केलं. एक डबी, एक कोरा रिपोर्ट आणि "आयबीएस आहे, ताण घेऊ नका." आयबीएस म्हणजे तपासणीत काही सापडत नाही, पण पोट मात्र सतत बिघडलेलं. ताण घेऊ नका! संडास कुठे आहे हे बघितल्याशिवाय मी कुठल्या लग्नाला बसत नाही, आणि ताण घेऊ नका!

नातेवाइकांचं आणखी निराळंच. "जंताची एक गोळी घे, साफ होशील." जिआर्डिया जंत नाही हो, एकपेशीय जीव आहे, तो तुमच्या एका गोळीला भीक घालत नाही. आणि ते 'पॅरासाइट क्लेन्स'वाले, म्हणजे पोटातले परजीवी धुऊन काढण्याचे उपाय करणारे, जे संडासाच्या भांड्यात सापडलेल्या दोऱ्यांचे फोटो 'हे बघा जंत' म्हणून पाठवतात? तो बहुतेक वेळा आतड्यातला चिकट स्राव असतो. फोटो पाठवू नका. मी जेवत असताना तर नकोच.

गेल्या वर्षी रिपोर्टात ब्लास्टोसिस्टिस नावाचा आतड्यातला दुसरा एक सूक्ष्म जीव निघाला तेव्हा मी पेढे वाटायचाच बाकी होतो. एक डॉक्टर म्हणाले, हाच चोर. दुसरे म्हणाले, छे, हा ठणठणीत माणसांच्या पोटातही असतो, सोडून द्या. त्या भांडणात मी मेट्रोनिडाझोल या जंतुनाशक गोळ्यांचा कोर्स केला आणि आठवडाभर तोंडात गंजका खिळा ठेवल्यासारखी चव घेऊन फिरलो. पोट जिथल्या तिथे.

नॉर्वेतल्या बर्गनमध्ये २००४ साली पिण्याच्या पाण्यातून जिआर्डियाची साथ आली होती. तीन वर्षांनी बघितलं तर लागण झालेल्यांत ४६ टक्क्यांना आयबीएस, इतरांत १४ टक्के. हे वाचलं तेव्हा मी घरात नाचलो, बघा, मनाचे खेळ नाहीत! मग नीट वाचलं. जिआर्डिया गेल्यावरही लोकांची पोटं बिघडलेलीच होती. म्हणजे भाडेकरू घर सोडून गेला, भिंतीतले खिळे राहिले. उद्या माझ्या डबीत सापडला तरी मी नेमकं काय जिंकणार आहे, देव जाणे.

आणि खरं सांगू? बाईंचं बरोबरच होतं. पातळ नमुन्यातले जिवंत जीव लवकर मरतात, मग ओळखू येत नाहीत, म्हणून डबीवर वेळ लिहावी लागते. हे मला माहीत होतं. रांगेत आरडाओरडा करतानाही माहीत होतं. सूक्ष्मदर्शकातून पहिल्यांदा जंतू बघणाऱ्या डच लेवेनहुकने १६८१ मध्ये स्वतःची शी स्वतःच्याच भिंगाखाली घेतली आणि हाच जिआर्डिया बघितला. त्याला कुणी वेळ विचारली नाही. नशीबवान माणूस. मी मात्र जेवणाच्या टेबलावर नुसतं "आज सकाळी" म्हटलं तरी घरचे ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जातात.

नवीन डबी आणली आहे. पेन रबरबँडने तिलाच बांधून ठेवलंय. आणि मगाशी घरी आल्यापासून चारदा जाऊन आलोय. डबी दप्तरात होती ना.